भरल्या धरणाच्या वर्षी

ऑक्टोबरचा मध्य आला की गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि पाण्याची भांडणे. नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरची वर्तमानपत्रे या दिवसांत एक चौकट नेमाने छापतात. गंगापूर इतके टक्के, दारणा इतके, भंडारदरा, मुळा, निळवंडे आणि सर्वांत शेवटी जायकवाडी. दुष्काळी वर्षी ही चौकट पहिल्या पानावर असते. तिच्याखाली आमदारांची निवेदने, रास्ता रोको आणि न्यायालयातल्या तारखा असतात. भरल्या वर्षी तीच चौकट आतल्या पानावर सोन्याच्या भावाशेजारी जाऊन बसते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझे सगळे म्हणणे या दोन पानांमधल्या अंतराविषयी आहे.

आधी भूगोल, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पैठणला पोचते, तोवर तिला मिळालेले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या कडेच्या अरुंद पट्टीत पडलेले असते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, भंडारदऱ्याच्या डोक्यावरच्या घाटघरला त्याहूनही जास्त. तिथून पूर्वेला निघालात की नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि नगर जिल्ह्याच्या मध्यावर पाचशे-साडेपाचशे. घर मोठे, पण पाऊस एकाच वळचणीला पडतो. त्यामुळे या वळचणीखाली ज्याने आधी भांडे मांडले त्याचे आधी भरले. इंग्रजांनी दुष्काळ निवारणाच्या नावाने दारणा (१९१६) आणि भंडारदरा (१९२६) बांधले. स्वातंत्र्यानंतर गंगापूर आणि मुळा झाले, मग मुकणे, भावली, भाम, निळवंडे. या सगळ्यांच्या खाली, सपाट मुलखात, पैठणला जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केले. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला जिवंत साठा ७६ आणि २६ मृत.

टीएमसी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याचे माप डोळ्यांपुढे येत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माणशी रोज शंभर लिटर धरले तर पावणेआठ लाख माणसांना ते वर्षभर पुरेल. उसाला शेतावर हेक्टरी वीस हजार घनमीटर धरले तर त्याच एका टीएमसीत चौदाशे हेक्टर ऊस निघेल. हे दोन आकडे शेजारी ठेवून पुढचे वाचावे.

जायकवाडीचा मूळ आराखडा झाला तेव्हा पैठणपर्यंत भरवशाचे पाणी १९६ टीएमसी धरले होते. त्यातले सुमारे ११५ वरच्या भागाने वापरावे आणि ८० च्या आसपास जायकवाडीला यावे अशी मांडणी होती. भरवसा ७५ टक्के, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे. हा अंदाज सढळ होता, हे पुढे कळत गेले. दरम्यान वर धरणे वाढत राहिली, पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, शेततळी आणि विहिरी वाढल्या. यातले प्रत्येक काम त्या त्या गावाच्या दृष्टीने योग्यच आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपणच पन्नास वर्षे शिकवले. पण जिथे अडवले आणि जिरवले तिथून ते पैठणला पोचत नाही, हे उघड वाक्य कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येत नाही. जायकवाडीचा येवा घटला तो काही कोणाच्या कारस्थानाने नव्हे. हजारो छोट्या, स्थानिक आणि बऱ्याचदा प्रामाणिक कामांची ती बेरीज आहे.

या गुंत्यावर महाराष्ट्राने कायदा केला आणि तो कागदावर देशात नाव घ्यावा असा आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५. त्यातले कलम १२(६)(ग) आता पैठणच्या पाटावरच्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे. टंचाईचा भार खोऱ्यात सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा, त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर धरणांतले साठे असे राखावेत की वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपातला वापर धरून, सगळीकडे जवळपास सारखी राहील, असा त्याचा आशय आहे. ‘खरिपातला वापर धरून’ हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. पुढे त्यांच्याकडे यायचेच आहे.

कलम होते, पण ते कसे राबवायचे हे कोणी सांगत नव्हते. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल देऊन ते गणित मांडले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. साधा अर्थ असा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणसमूहांनी ठरल्या कोष्टकाप्रमाणे पाणी खाली सोडायचे. या नियमानुसार २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा. आता प्रमोद मांदाडे यांच्या अभ्यासगटाने ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली आहे आणि त्यावर नवा वाद उभा राहिला आहे. मराठवाड्यात याला हक्कावर घाला म्हणतात, नगर-नाशिकला तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो.

या सात टक्क्यांवर दोन्हीकडचे लोक जितकी ताकद लावत आहेत तितकी ताकद लावण्याजोगा हा प्रश्नच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सात टक्के म्हणजे जायकवाडीच्या जिवंत साठ्यातले सव्वापाच-साडेपाच टीएमसी. पाणी सोडायला किती दिवस उशीर झाला, नदीचे पात्र किती कोरडे होते आणि वर किती क्षेत्रात ऊस उभा होता, या तीन गोष्टींचा परिणाम याहून मोठा होतो.

२०२३ चेच पाहा. ऑगस्ट कोरडा गेला होता. जायकवाडी भरणार नाही हे सप्टेंबरात कळून चुकले होते. आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला. मग आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर गोदावरी आणि प्रवरेचे पात्र तापले होते. अशा वेळी पाणी सोडायचे तर आधी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते, जमावबंदी लावावी लागते. स्वतःच्याच नदीतून पाणी न्यायला पोलीस बंदोबस्त लागतो, ही गोष्ट आता कोणाला विचित्रही वाटेनाशी झाली आहे. एवढे करूनही पात्रातली वाळू आपला वाटा आधी घेते आणि काठावरचे पंप रात्री आपला घेतात. सोडलेले आणि पोचलेले यांतली तफावत मग पुढच्या भांडणाचा विषय होते. हेच पाणी सप्टेंबरच्या अखेरीस, पात्र ओले असताना आणि वरून येवा चालू असताना सोडले असते तर कितीतरी जास्त पोचले असते. हे पाटबंधारे खात्यातला कनिष्ठ अभियंताही सांगेल. पण सप्टेंबरात पाणी सोडायला कोणी धजत नाही, कारण परतीचा पाऊस येईल आणि प्रश्न परस्पर मिटेल अशी आशा सगळ्यांना असते. मंत्र्यांना तर सर्वांत जास्त.

आता नगर-नाशिकची बाजू. ती मराठवाड्यात नीट ऐकली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्यांचे म्हणणे असे की पिण्यासाठी पाणी हवे असे सांगून पाणी मागता, तर जायकवाडीत २६ टीएमसी मृत साठा पडून आहे, तो पिण्याला वर्षानुवर्षे पुरेल. वरचे पाणी कशाला? वर दिलेले गणित लावले तर हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुसरे म्हणजे, जायकवाडी उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या पसाऱ्यावरून एक सेंटीमीटर पाणी उडाले तर ३५ लाख घनमीटर हवेत जाते. भंडारदरा डोंगराच्या कुशीत, खोल. तेच पाणी तिथे राहिले तर कमी उडेल. तर मग खोल धरणातले पाणी उथळ धरणात नेऊन वाळत का घालायचे?

अभियंता म्हणून विचार केला तर हे बरोबर आहे. तरीही मराठवाडा ते का मानत नाही? कारण वर राहिलेले पाणी खाली गरज पडेपर्यंत वरच राहील यावर तिथे कोणाचाही विश्वास नाही. ते उसात जाईल असे त्यांना वाटते, आणि अनुभव त्यांच्या बाजूने आहे. टक्केवारीचा नियम हा मुळात विश्वास उरला नाही म्हणून आणलेला उपाय आहे. एकमेकांवर भरवसा असता तर पाणी जिथे कमी उडते तिथे जायकवाडीच्या नावाने राखून ठेवता आले असते.

उसाचे काय, हा प्रश्न मग टळत नाही. इथे इतिहास विसरून चालणार नाही. दख्खनचे कालवे दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवायला काढले होते. पण बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी ज्वारीला पट्टी भरून पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च भरून निघेना. मग सरकारनेच उसाला उत्तेजन दिले. वरच्या गावांत पाणी जिरू लागल्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी ठराविक तुकड्यांना, अनेक गावांत विभागून, आणि त्या तुकड्यातही फक्त एक-तृतीयांश ऊस, बाकी इतर पिके. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या माणसाला कळले होते की पाण्याची वाटणी करायची तर पिकाची मर्यादा आधी ठरवावी लागते. पुढे हरिगावला खासगी कारखाना आला, मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला. त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने, महाविद्यालये आली. उसाने या मुलखाला दिलेले नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आजही शेतकरी ऊस लावतो तो हौसेने नव्हे. हमखास दर, हमखास गिऱ्हाईक, गारपिटीत टिकणारे पीक, असे दुसरे कोणते पीक आपण त्याला दिले आहे? राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीतल्या चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा तो पितो, हे वाक्य गेली कित्येक वर्षे अहवालांत येत आहे. आणि ऊस फक्त नगरला आहे असेही नाही. पैठण, अंबड, गेवराई, माजलगाव या पट्ट्यात जायकवाडीच्या पाण्यावर काय उभे आहे ते बसच्या खिडकीतूनही दिसते. वरचा ऊस पाप आणि खालचा ऊस विकास, ही विभागणी मला कधी पटली नाही.

ज्या कायद्यात कलम १२(६)(ग) आहे, त्याच कायद्यात कलम १४(४) आहे. बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषार सिंचन असल्याशिवाय कालव्याचे पाणी देऊ नये, ते कुठे आणि केव्हापासून हे शासनाने ठरवावे, असे ते सांगते. पहिल्या कलमासाठी आपण उच्च न्यायालयात वर्षे घालवली, रस्ते अडवले, टाक्यांवर चढलो. दुसऱ्या कलमासाठी रस्त्यावर उतरलेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही, नाशिकचा नाही, नगरचा नाही आणि मराठवाड्याचाही नाही. शेजाऱ्याकडून पाणी मागणारे कलम सगळ्यांना पाठ, स्वतःच्या पाण्यावर बंधन घालणारे कलम कोणालाच आठवत नाही. सरकारही मागे नाही. याच कायद्याने नेमलेल्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१५ चा जानेवारी उजाडावा लागला, म्हणजे जवळपास दहा वर्षे. ज्या परिषदेने राज्याचा एकात्मिक जल आराखडा मंजूर करायचा होता, ती तोवर भेटलीच नाही. आराखडा नसतानाही प्रकल्पांच्या मंजुऱ्या मात्र थांबल्या नाहीत.

नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा ही रेघ तर नकाशावर टिकतही नाही. वैजापूर आणि गंगापूर हे तालुके मराठवाड्यातले. त्यांना पाणी मिळते ते नाशिकच्या धरणांतून, नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने. वरून जायकवाडीला पाणी सुटते तेव्हा या मराठवाड्याच्याच शेतकऱ्याचे आवर्तन धोक्यात येते. तो कोणाच्या मोर्चात जाईल? आणि खाली नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. म्हणजे पावसाळाभर नदी डोळ्यांदेखत वाहून जाते आणि ऑक्टोबर सरत आल्यावर दरवाजे पडतात, तेव्हा अडवायला फारसे उरलेले नसते. हे नांदेडकरांचे दुःख खरे आहे. पण तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने जे युक्तिवाद केले ते वाचले तर ते मराठवाडा नाशिकला जे ऐकवतो त्याच चालीचे आहेत: तुम्ही वर अडवले तर आमचे श्रीरामसागर धरण कसे भरणार? आणि आपण तिथे केलेला बचाव नाशिकच्या बचावासारखा होता. प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली आणि कोणाच्या तरी वर आहे.

पैठणपर्यंतचे सगळे पाणी वापरायची मुभा गोदावरी लवादाच्या निवाड्याने महाराष्ट्राला १९८० पासून आहे. इथे दुसरे राज्य नाही, केंद्र नाही, फक्त आपण आहोत. त्यामुळे दोष बाहेर ढकलायला जागा नाही. त्यावर राजकारण्यांनी शोधलेला रस्ता म्हणजे कोकणात वाहून जाणारे पाणी उचलून गोदावरीत आणणे. ते कधी येईल ते येवो. उपशाच्या विजेचे बिल कोण भरणार हे आत्ताच लिहून ठेवावे, आणि आलेले पाणी पुन्हा याच पद्धतीने वाटायचे का, तेही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने महापूर पाहिला. जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची जमीन खरवडून गेली, सोयाबीन पाण्यात कुजले. ज्या प्रदेशासाठी १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचले, तोच हा प्रदेश. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. अशी टोके आपण दहा वर्षांच्या आत पाहिली. तरी भरल्या वर्षी १५ ऑक्टोबर येतो आणि कोणाला पत्ताही न लागता जातो. ६५ की ५८ हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सगळीकडे नव्वदच्या पुढे असते. मग वरचे शेतकरी ऊस वाढवतात, खालचेही वाढवतात, कारखाने गाळप क्षमता वाढवून घेतात. आणि चौथ्या वर्षी पाऊस दगा देतो तेव्हा शेतात उभा असलेला ऊस हाच सर्वांत मोठा युक्तिवाद होतो: आता हे पीक जाळायचे का? टंचाईचे वर्ष हे असे दोन-तीन वर्षे आधी, पाणी तुडुंब असताना, पेरले जाते.

वाटणीचा करार याच वर्षांत करायला हवा. कोणाच्या तोंडचे पाणी पळालेले नसते, कोणाचे काही लगेच जाणार नसते, आणि तडजोडीला कोणी शरणागती म्हणणार नसते. करायच्या गोष्टी फार गूढ नाहीत. कायदा ‘खरिपातला वापर धरून’ म्हणतो, तर जुलैपासूनचा हिशोब दर पंधरवड्याला लोकांसमोर ठेवा. कोणत्या कालव्यातून किती गेले, ओव्हरफ्लोच्या नावाखाली किती गावतळी भरली, हे ऑक्टोबरात वकिलांकडून कळण्याऐवजी ऑगस्टमध्ये कळू द्या. टंचाईच्या वर्षी पाणी सप्टेंबरअखेर, ओल्या पात्रात सोडायचे असे आताच ठरवा, आणि परतीच्या पावसाने जायकवाडी भरलीच तर तेवढे पाणी पुढच्या वर्षी वरच्यांच्या खात्यात धरा. जायकवाडीच्या वाट्यातला काही भाग खोल धरणांत राखायचा असेल तर त्या साठ्यावर मराठवाड्याच्या पाटबंधारे महामंडळाचा अधिकार लेखी द्या, नुसता शब्द नको. आणि प्रत्येक लाभक्षेत्रात किती उसाला कालव्याचे पाणी मिळेल याची मर्यादा चांगल्या वर्षाच्या पाण्यावर न ठरवता चारांतल्या वाईट वर्षावर ठरवा. कलम १४(४) ची तारीख जाहीर करा, वर आणि खाली एकाच दिवशी.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत कडू आहे आणि ती सोडून बाकीच्या केल्या तर त्यांचा फार उपयोग होणार नाही, असे मला वाटते.

रब्बीची आवर्तने ठरवायला कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका पावसाळा संपताच होतात. धरण भरलेले असले की त्या अर्ध्या तासात आटोपतात, मागणी आहे तेवढी आवर्तने मंजूर होतात आणि फोटो निघतात. तुमचा आमदार तिथे असतो, पाणीवापर संस्थेचा माणूसही असतो. तुम्ही प्रवरेकाठच्या लोणीचे असा की पैठणचे, त्यांना यंदा एवढेच विचारा: आपल्या कालव्यावर या क्षणी किती ऊस आहे, आणि २०१८ सारखे टंचाईचे वर्ष पुन्हा आले तर त्यातल्या किती उसाला पाणी द्यायचे ठरले आहे? उत्तर लेखी मागा.